जोडीनं घ्यायच्या गोळ्या

मी एक जुना मिसळणाचा डबा आहे, मित्रांनो. गोल, स्टीलचा, पोटात सात वाट्या आणि वर घट्ट झाकण. आधीच सांगून ठेवतो, मी स्वभावाने संशयी आहे. ज्याच्या पोटात उभा जन्म हिंग राहिला, त्याचं नाक तिखट होणार नाही तर काय! भेसळीची हळद, पपईच्या बिया घातलेले मिरे, ओल धरलेली मोहरी, सगळं मी वासावरून ओळखत आलो. माणसांचंही तेच. स्वयंपाकघरात कोणी उगाच गोड बोलायला लागलं, की माझं झाकण थोडं आवळतं.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात पत्रा दाबून झाला. मोठा आवाज झाला, मी वाकलो, गोल झालो. त्यापलीकडे मला काही आठवत नाही. तिथून मी पौडच्या बाजारात आलो आणि एका भांड्यांच्या दुकानात कढयांच्या शेजारी बसलो. एके दिवशी कोळवणचा बहिरू आपल्या नव्या नवरीला घेऊन दुकानात आला. आंबेमोहर चांगला विकला गेला होता, गडी खुशीत होता. "काय पायजे ते घे," म्हणाला. लुगडं मागेल, असं त्याला वाटलं असणार. तिने बोट केलं माझ्याकडे! हीच ती धोंडाबाई. तिने मला टिचक्या मारून पाहिलं, झाकण उघडलं, लावलं, परत उघडलं, आत नाक घालून वास घेतला आणि दुकानदाराला विचारलं, "पत्रा लई पातळ तर न्हाई ना वो?" बाई माझ्याच स्वभावाची निघाली. मला ती तिथल्या तिथे आवडली.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. भातलावणीला शेतभर बायका असायच्या आणि त्यांचं जेवण आमच्या घरचं असायचं. धोंडाबाई चुलीपुढे बसली, की तिचा हात न बघता माझ्या बरोबर वाटीत पडायचा. कालवणाचा वास बांधापर्यंत जायचा. "धोंडाबाई, काय घालता वो बाई ह्यात?" असं कोणी विचारलं, की ती हसायची आणि मला हळूच मागे सरकवायची. कौतुक तिचं व्हायचं, पण निम्मं माझं होतं, हे आम्हा दोघांना माहीत होतं.

पुढे त्यांच्या मुलाचं, शंभूचं, लग्न झालं. शुभांगी सून म्हणून आली आणि येताना काचेच्या बरण्या घेऊन आली. मसाला पाकिटातून येऊ लागला. मी गेलो वरच्या फळीवर. तिथे सोबतीला धूळ आणि एक पाल. मनात पाल चुकचुकली, असं तुम्ही नुसतं म्हणता, मित्रांनो. माझ्या डोक्यावर ती खरोखर चुकचुकायची. ही सून मला एक दिवस भंगारवाल्याला देणार, असा माझा दाट संशय होता. तिने तसं कधी म्हटलं नव्हतं. पण कोणी म्हटलं नाही म्हणून संशय सोडून देईन, तर तो मी कसला!

मला खाली काढलं ते बहिरूच्या साखरेने. म्हणजे त्याला मधुमेह झाला. गोळ्यांची पाकिटं कधी खिडकीत, कधी उशाखाली, एकदा तर उंदराने कुरतडलेली. धोंडाबाई वैतागली. तिने मला फळीवरून उतरवलं, घासलं, उन्हात वाळवलं आणि मोहरीच्या वाटीत गोळ्या ठेवल्या. हळदीची वाटी मात्र तशीच राहू दिली, घरात लागते म्हणून. मोहरीच्या जागी औषध! मला अपमान वाटला. पण फळीपेक्षा बरं, असं म्हणून मी गप्प बसलो.

काही वर्षं एका गोळीवर निभलं. मग बहिरू थकायला लागला. उजव्या बरगडीखाली जड वाटतं म्हणाला. पौडला दवाखान्यात तेव्हा डॉक्टर अनुष्का नावाच्या बाई नव्याने आल्या होत्या. माहेरच्या-सासरच्या दोन्हीकडून नागपूरच्या, नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आलेल्या. त्यांनी पोटाची सोनोग्राफी करायला लावली आणि सांगितलं, रिपोर्ट आणा, चालू गोळ्याही आणा. धोंडाबाईने गोळ्या न्यायच्या म्हणून आख्खा डबाच पिशवीत घातला. त्यामुळे पुढचं सगळं मी स्वतः ऐकलं. कोणाच्या सांगण्यावर विसंबायची मला सवय नाही.

"बाबा, तुमच्या लिव्हरला सूज आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यात चरबी साठली आहे."

बहिरूचा चेहरा पडला. "बाई, मी कवा थेंबाला शिवलो न्हाई हो."

"मी कुठे म्हणते तसं? साखरेच्या आजारात न पिणाऱ्याचंही लिव्हर असं होतं. पण आता आवरलं पाहिजे. नाहीतर ते आतून निबर होत जाईल, आणि निबर झालेलं मागे येत नाही." मग त्यांनी एक बारकी गोळी काढून दाखवली. "एकट्या जुन्या गोळीवर आता भागणार नाही. ती मोठी चालूच ठेवायची आणि ही नवी तिच्याबरोबर. ही जास्तीची साखर लघवीवाटे काढते, लिव्हरवरचा बोजा उतरतो. लघवी वाढेल, घाबरायचं नाही, पाणी पीत राहायचं. हे कॉम्बिनेशन..."

समोर दोन कोरे चेहरे दिसले तशा बाई थांबल्या. त्यांनी जरा शब्द शोधला. आपला नव्हे, या लोकांचा शब्द हवा, असं त्यांना वाटलं असावं.

"म्हणजे असं बघा. दोन्ही गोळ्या जोडीनं घ्यायच्या. सकाळी, न्याहारी झाल्यावर."

"जोडीनं?" धोंडाबाईने विचारलं.

"हो, जोडीनं. एकेकटी घेऊन गुण येणार नाही."

धोंडाबाईचा चेहरा उजळला. "आता गं बाई! हे एक शाणपनाचं बोललात तुमी," ती म्हणाली.

घोटाळा झाला तो इथे, मित्रांनो. आमच्या मुळशी खोऱ्यात जोडीनं म्हणजे काय, हे बाईंना कुठून ठाऊक असणार? आमच्याकडे सत्यनारायणाला जोडीनं बसतात. देवाला जोडीनं नारळ फोडतात. लग्नाची पत्रिका देणारा ओट्यावरूनच ओरडतो, "जोडीनं यायचं बरं का!" जोडी म्हणजे नवरा-बायको. बाईंना म्हणायचं होतं, की दोन्ही गोळ्या एकाच माणसाने एकाच वेळी घ्याव्यात. धोंडाबाईने ऐकलं, की नवरा-बायकोने मिळून घ्याव्यात. सगळ्या जगावर संशय घेणारा मी, त्या एका शब्दावर मात्र मलाही संशय आला नाही. मीही कोळवणचाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी झाली आणि धोंडाबाईने दोन पाट मांडले. स्वतः कपाळाला कुंकू लावून आली. मला मध्ये ठेवलं; आता माझ्या एका वाटीत मोठ्या गोळ्या होत्या, दुसरीत बारक्या.

"मोठी तुमची, बारकी माझी," तिने वाटणी केली. मोठं ते यजमानाचं, हा तिचा हिशेब.

बहिरू बिचकला. "अगं, पर तुला कुटं साखर हाय?"

"बाईंनी सांगितलं न्हवं, जोडीनं? एकट्यानं गुण न्हाई म्हणल्या. अवं, पथ्य तरी एकट्याच्यानं व्हतंय का? घरातल्या दोघांनी पाळलं तर टिकतं. तसंच ह्ये बी."

बहिरूला ते पटलं. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. आजारी माणूस घरात एकटा पडतो. इथे बायको शेजारी येऊन बसली होती. तो म्हणाला, "मग बस." दोघं एकदमच पाणी प्यायली. पुढे रोज सकाळी तसंच होऊ लागलं आणि मीसुद्धा त्या वेळेची वाट बघू लागलो.

पण घरात संशय शिरला होता, आणि या वेळी तो माझा नव्हता.

शंभू कोळवण ते पौड जीप चालवतो. त्याने लिव्हर हा शब्द ऐकला आणि त्याचं तोंड उतरलं. बहिरूचा धाकटा भाऊ दारूने गेला होता. पोट फुगलं, डोळे हळदीसारखे पिवळे झाले, आणि चुलत्याला शेवटचं दवाखान्यात नेणारा शंभूच होता. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात लिव्हर म्हणजे दारू, हे पक्कं बसलेलं.

"साखरंनं व्हतंय म्हणल्या बाई," धोंडाबाईने त्याला सांगितलं.

"आई, डॉक्टर काय तोंडावर सांगत्यात व्हय? म्हाताऱ्या माणसाची अब्रू राखायची म्हणून म्हणल्या असतील," शंभू म्हणाला. "चुलत्याच्या येळंला बी असंच म्हणत व्हतो आपण सगळी. न्हाई पीत, न्हाई पीत."

तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याने शुभांगीला सांगितलं, की आबांवर लक्ष ठेव. बिचारीने नाखुशीने का होईना, ठेवलं. सासऱ्याचं उपरणं धुवायला घेताना ती आधी हुंगायची. घरात कोणी नसलं, की माझं झाकण उघडून आत डोकावायची. आणि मी? मी तिच्यावरच डोळा ठेवून! ही गोळ्यांत काहीतरी काळंबेरं करतेय, अशी माझी खात्रीच पटत चालली होती. ती संशय घेतेय सासऱ्याचा, मी घेतोय तिचा, शंभू बापाचा, आणि मधल्या मध्ये ती बारकी गोळी रोज भलत्याच तोंडात चाललीय!

त्यात दयानंदने भर घातली. दयानंद म्हणजे शेजारचा. जीपमध्ये पुढच्या सीटवर बसणार आणि पौड येईपर्यंत गावातल्या सगळ्यांच्या चुलीत डोकावणार. एका सकाळी तो शंभूबरोबर चहाला आमच्या स्वयंपाकघरातच येऊन टेकला आणि आवाज खाली करून म्हणाला, "सांगू का नगं कळना. पर तुझा बाप काल फार्महाउसच्या मागनं गोणी घिऊन येताना पायला मी. आत बाटल्या वाजत व्हत्या लेका."

 शंभू कपातला चहा तसाच ठेवून उठला.

बाटल्या होत्या, हे खोटं नव्हे. मलाही माहीत होतं. आमच्या शेताला लागून पुण्याच्या कोणाचंसं फार्महाउस झालं आहे. शनिवार-रविवारी गाड्या येतात, गाणी लागतात आणि रिकाम्या बाटल्या भिंतीवरून थेट आमच्या भातात पडतात. त्या चिखलात फुटतात. एका दुपारी बहिरू लंगडत घरात आला. टाचेत काच गेली होती. घरात कोणी नव्हतं. त्याने माझं झाकण उघडलं, हळद घेतली, टाचेला दाबून धरली आणि पुटपुटला, "मेल्यांनो, खाचरात कशापायी फेकता? लावणीच्या बायकांच्या पायाला काय डोळं हायेत?" तेव्हापासून तो गोणी घेऊन बाटल्या वेचायला जायचा. घरी सांगायची सोय नव्हती. साखर असलेल्या माणसाने अनवाणी चिखलात जायचं नाही, पायाची जखम भरत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं आणि धोंडाबाईने त्यावर शपथ घातली होती. म्हणून तो लपून जायचा, लपून यायचा. लपून करणाऱ्याकडे लोक कसं बघतात, ते तुम्हाला सांगायला नको.

इकडे धोंडाबाईचं काहीतरी बिनसलं होतं. तिला सारखी तहान लागायची, तांब्यामागून तांब्या प्यायची आणि सारखी परसात जायची. रात्री तीनदा-चारदा उठायची. तिच्या हातातल्या बांगड्या कोपराकडे घसरू लागल्या. उठताना भिंत धरायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "वय झालं न्हवं का आता?" बहिरूचं पोट मात्र होतं तसंच. माझ्या मनात आलं, पाणी कुठेतरी मुरतंय. पण कुठे, ते काही केल्या हाती लागेना.

भात निसवलं, लोंब्या बाहेर आल्या, तेव्हा पुन्हा तपासणी झाली. या वेळी शंभू स्वतः आईवडिलांना घेऊन गेला. मी होतोच पिशवीत.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "सूज कमी व्हायला हवी होती, वाढली आहे. बाबा, गोळ्या घेताय ना नीट?"

धोंडाबाई अभिमानाने पुढे सरकली. "न चुकता, बाई! अगदी तुमी सांगितलं तशा. जोडीनं!"

बाईंनी माझं झाकण उघडून पाहिलं. दोन्ही वाट्यांतल्या गोळ्या सारख्याच संपत आलेल्या. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "लघवी वाढली आहे का?"

तरण्या बाईसमोर आणि पोटच्या पोरासमोर बहिरू या प्रश्नाला काय उत्तर देणार? त्याने मान खाली घातली. धोंडाबाईनेच सांगून टाकलं, "व्हय वो बाई, लई वाढलीया. रातीला तर इचारू नगा."

कोणाची, ते तिने सांगितलं नाही. बाईंनीही विचारलं नाही. आपल्या भाषेत असं बोलता येतं, मित्रांनो, आणि कधीकधी ते असं अंगाशी येतं.

"म्हणजे नवी गोळी काम करते आहे," बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "मग लिव्हर का ऐकत नाही?" त्या जरा घुटमळल्या. "बाबा, राग मानू नका, सगळ्यांनाच विचारावं लागतं. थोडीफार घेता का? सणावारी, मित्रांबरोबर?"

बहिरूने मान वर केली. तो बाईंकडे नाही, शंभूकडे बघत होता. तो आपली बाजू घेईल, असं त्याला वाटलं असावं. शंभू खिडकीबाहेर बघत राहिला.

जीप दाराशी आली. घरात पाऊल टाकलं आणि शंभूचा बांध फुटला.

"आबा, एकदाच इचारतो. खरं सांगा. कुटं पिता?"

"काय बोलतुयास तू?"

"बाटल्यांची गोणी कुणाची हाय? दयानंदनं पायली. जीपमदली समदी मला इचारत्यात, आबांची तब्येत कशी हाय, आन् गालात हसत्यात! चुलत्याला म्या नेलाय दवाखान्यात. त्येचं पोट म्या पायलंय. तुमचं बी तसंच बघायचं का मी? सांगा ना!"

शंभू ओरडत होता, पण रडायच्या बेतात होता. त्याला बाप जगायला हवा होता. हे मला तेव्हा कळलं, त्याच्या बापाला नाही कळलं. बहिरूने गोणीचं कारण सांगितलंच नाही. ज्या पोराने आधीच निकाल लावला, त्याला कारणं काय सांगायची, असं त्याला वाटलं असेल. त्याने मला उचललं, शुभांगीच्या हातात दिलं आणि म्हणाला, "ठिव वर. दारुड्याला औशीद कशाला लागतंय?"

त्या दिवसापासून बहिरूने गोळ्या बंद केल्या. मोठीही नाही, बारकीही नाही. धोंडाबाई सकाळी मला खाली काढून दोन पाट मांडायची. तो बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा. ती माझ्याशेजारी थोडा वेळ बसून राहायची आणि मग पाट उचलून भिंतीला टेकवायची. मी आतल्या आत जळत होतो. डॉक्टरीणबाईंचं बोलणं माझ्या कानात होतं, निबर झालेलं मागे येत नाही. एकेक सकाळ वाया चालली होती आणि या घरात कोणाला तोंड उघडायची बुद्धी होत नव्हती. मला तोंड आहे, पण ते झाकण आहे.

आणि मग एक नवल झालं. धोंडाबाईचं परसात जाणं कमी झालं. तहान गेली. भिंत न धरता ती उठू लागली. शुभांगीच्या ते लक्षात आलं. या मुलीचे डोळे तीक्ष्ण आहेत, हे मला मानावं लागलं. आमच्याकडे सून सासूला आत्या म्हणते. ती म्हणाली, "आत्या, तुमची चक्कर गेली का वो? आठवड्यात एकदाबी भिंत धरली न्हाई तुमी."

"गेली बाई आपसूक," धोंडाबाई म्हणाली. तिचं लक्ष नव्हतं. तिचं सगळं ध्यान ओट्यावरच्या माणसाकडे होतं. त्याच्या पायावर हल्ली थोडी सूज दिसत होती. शेवटी तिला राहवलं नाही. शंभू तेव्हा जेवायला बसला होता. ती दारात गेली आणि डोळ्यांत पाणी आणून नवऱ्याला म्हणाली, "अवं, असा राग बरा न्हवं. तुमी घेईना, म्हणून मला बी घेता येईना. माझी बी गोळी बंद पडलीया."

शंभूचा घास हातातच राहिला. "तुझी गोळी? तुझी कसली गोळी, आई?"

"बारकी."

"बारकी आबांची हाय ना?"

"मोठी त्येंची, बारकी माझी. बाईंनीच सांगितलं न्हाई का, जोडीनं घ्या म्हणून? मी एकटी कशी घेऊ आता?"

 शुभांगीने हातातली वाटी खाली ठेवली. मीही हिशेब जुळवला. तहान, परसाच्या फेऱ्या, चक्कर, बांगड्या... आणि बहिरूचं लिव्हर होतं तिथेच! सगळा वेळ तो एकटी मोठी गोळी खात होता आणि जिने त्याचं लिव्हर वाचवायचं, ती धोंडाबाईच्या पोटात जात होती.

शुभांगीने मोबाइल काढून डॉक्टरीणबाईंना लावला आणि स्पीकर सुरू केला. सगळं सांगितलं. 

"अगं माय!" पलीकडून बाई म्हणाल्या, आणि एकदम त्यांचं नागपूर बाहेर आलं. "आमच्याकडे सोबत म्हणतात हो. दोन्ही सोबत घ्या. तुम्हाला समजावं म्हणून मी जोडीनं म्हटलं! आधी आजींना उद्या घेऊन या, त्यांचं रक्त तपासते. पाणी पाजत राहा. आणि बाबांना..." त्या अडखळल्या. "बाबांना म्हणावं, मी तो प्रश्न विचारायला नको होता असं नाही, पण उत्तर ऐकून घ्यायला हवं होतं. चूक माझ्या शब्दाची होती."

शंभू उठला, हात न धुता तसाच बापासमोर जाऊन उभा राहिला. "आबा, चुकलं माझं," एवढंच म्हणाला.

"आन् गोणी?" बहिरूने विचारलं.

"ऱ्हाऊ द्या आता गोणी."

"न्हाई, इचार. बाटल्या कशापायी आणतो, ते इचार आदी."

मग शंभूने विचारलं आणि बहिरूने टाच दाखवली. जखम भरली होती, पण डाग मोठा होता. धोंडाबाईने कपाळावर हात मारला. शंभू खाली बसला आणि बापाचा पाय दोन्ही हातांनी धरून बसून राहिला.

"आता तरी घ्या गोळ्या," तो म्हणाला.

"न्हाई घेत."

"आबा!"

"संशय तू घरात बसून घेतलास का? समद्या जीपला ठावं हाय, बहिरू पितो म्हणून. आन् माफी मातूर घरात, दार लावून? ज्येंच्यापुढं माझं नाव गेलं, त्येंच्यापुढं बोल. मग घेतो."

बहिरू हट्टी आहे, हे मी पहिल्यापासून बघतोय. पण मित्रांनो, तो हट्ट मला रास्त वाटला. अंगातली साखर गोळीने उतरते. गावाच्या तोंडात गेलेलं नाव कशाने उतरणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडाबाईचं रक्त तपासून झालं, ते ठीक निघालं; आणि संध्याकाळी शंभूने जीपमधली नेहमीची माणसं ओट्यावर चहाला बोलावली. दयानंद सगळ्यात पुढे. शुभांगीने मला खिडकीत ठेवलं होतं. शंभूला बोलणं जमत नव्हतं, तरी तो बोलला. "माझा बाप दारू पीत न्हाई. कवाच प्याला न्हाई. मी त्येच्यावर आळ घेतला, माझं चुकलं. बाटल्या तो आपल्या खाचरातनं येचतो, तुमच्या-आमच्या बायकांच्या पायात काच जाऊ ने म्हणून. आन् लिव्हर त्येचं साखरंनं सुजलंय."

दयानंदने कप खाली ठेवला. कोणीतरी खोकलं. दयानंद म्हणाला, "साखरंनं? आरं, साखर तर मला बी हाय की!"

"मग तपासून घे," बहिरू म्हणाला. "आन् जीपमदी गप ऱ्हायचं काय घेशील, ते बी सांग."

सगळे हसले. दयानंदही हसला, पण त्याने तो गोड चहा काही पुरा केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी झाल्यावर बहिरू आत आला, पाटावर बसला आणि बायकोला म्हणाला, "आन गं." तिने मोठी गोळी दिली. मग बारकी दिली. त्याने दोन्ही एकदम तोंडात टाकल्या आणि वरून तो पाणी प्यायला. धोंडाबाई शेजारच्या पाटावर रिकाम्या हाताने बसली होती. तिला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं असावं, कारण तिने स्वतःलाही पेलाभर पाणी ओतून घेतलं.

पुढच्या तपासणीत सूज उतरायला लागली होती. थोडा भाग निबर झाला आहे, तो तसाच राहणार, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वाया गेलेल्या सकाळी कोणी परत आणून देत नाही. पण आता पुढे वाढू द्यायचं नाही, हे घराने ठरवलं आहे. डॉक्टरीणबाई हल्ली प्रत्येक म्हाताऱ्याला गोळी हातात देऊन विचारतात, "ही कोण खाणार? दाखवा मला." लोकांना हसू येतं. येऊ दे.

मी अजूनही संशयी आहे, मित्रांनो, आणि तसाच राहणार आहे. शुभांगीवरचा माझा संशय मात्र मी काढून टाकला आहे. तुम्हाला एकच विनवणी करतो. तुमच्याही घरात कोणीतरी आजी, कोणीतरी आजोबा रोज सकाळी गोळ्या घेत असतील. डॉक्टरांनी जे सांगितलं, तेच त्यांनी ऐकलं आहे, असं धरून चालू नका. आणि त्यांचा आजार वाढला, तर चोरून त्यांच्या उपरण्याचा वास घेऊ नका. त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "आजोबा, कुठली गोळी तुम्ही घेता?" आणि ते सांगत असतील, तेव्हा खिडकीबाहेर बघू नका.